कलात्मक चित्रपटांसाठीचा सार्वजनिक निधी कसा राखावा: नागपुरातील नव्या कार्यकर्त्यांसाठी

चित्रपट मंडळात, म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर कलात्मक चित्रपट दाखवणाऱ्या संस्थेत, नव्याने दाखल होणाऱ्या कार्यकर्त्याला पहिल्या महिन्यात दोन कामे शिकवली जातात: प्रोजेक्टरची जोडणी आणि सभासदांची नोंदवही. तिसरे काम बहुधा कुणी शिकवत नाही. ज्या सार्वजनिक पैशावर आणि सवलतीवर आपले खेळ होतात, ती मदत पुढच्या वर्षीही मिळत राहील याची तजवीज करणे हे ते काम. ते कुणा जुन्या कोषाध्यक्षाच्या अंगवळणी पडलेले असते आणि तो थकला की मंडळाला ते आठवते.

मी ते ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने आमच्या मंडळाला ७५,००० रुपयांचे अनुदान मंजूर केले. मंजुरीचे पत्र हातात आल्यावर आम्ही निर्धास्त झालो. मार्चच्या चौथ्या आठवड्यात फाइल परत आली, कारण नोंदणी प्रमाणपत्रावर मंडळाच्या नावापुढे ‘नागपूर’ हा शब्द होता आणि बँकेच्या पासबुकावर नव्हता. बँकेचे दुरुस्तीपत्र मिळाले तेव्हा एप्रिल उजाडला होता आणि आर्थिक वर्ष संपल्यामुळे रक्कम व्यपगत, म्हणजे रद्द, झाली होती. पुढच्या अंदाजपत्रकात आमच्या शीर्षापुढे (म्हणजे आमच्या खर्चाच्या ओळीपुढे) प्रत्यक्ष खर्च ‘निरंक’ छापला गेला, तरतूद ३०,००० वर आली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते शीर्षच ‘इतर सांस्कृतिक उपक्रम’ या मोठ्या ओळीत विरघळून गेले. या सगळ्यात कुणीही चित्रपटांना विरोध केला नव्हता. आमची बाजू मांडायची म्हटली तरी मांडायची कुणापुढे, हाच प्रश्न होता. सार्वजनिक निधी बहुतेक वेळा असाच जातो. न दिलेल्या पाण्याने झाड वाळावे तसा तो वाळतो, आणि म्हणून तो राखण्याचे काम मोर्चापेक्षा वर्षभराच्या कागदांनीच जास्त होते.

पहिली पायरी: पैसा कोणत्या वाटेने येतो ते लिहून काढा

एका कागदावर मंडळाला गेल्या तीन वर्षांत मिळालेली प्रत्येक सार्वजनिक मदत लिहा. थेट अनुदान सर्वांना आठवते. महानगरपालिका, राज्याचा सांस्कृतिक कार्य विभाग, किंवा सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रासारखी केंद्र सरकारची संस्था यांच्याशी संयुक्तपणे केलेले उपक्रमही आठवतात. जी मदत कुणीच लिहीत नाही ती सभागृहाच्या भाड्यातील सवलत, आणि कित्येक मंडळांच्या बाबतीत सर्वांत मोठी रक्कम तीच असते.

समजा, एका सभागृहाचे एका सत्राचे भाडे १२,००० रुपये आहे, मंडळाला ते ४,००० रुपयांत मिळते आणि वर्षाला २० खेळ होतात. तर मंडळाला वर्षाला १,६०,००० रुपयांचे सार्वजनिक साहाय्य मिळते आहे. ही रक्कम अंदाजपत्रकात कुठेही छापली जात नाही. जे छापलेले नाही त्यावर चर्चा होत नाही, आणि ज्यावर चर्चा होत नाही ते एखाद्या दुपारी निघालेल्या परिपत्रकाने बंद होऊ शकते. म्हणून सवलत कशाच्या आधारे मिळते आहे, याचा शोध हे नव्या कार्यकर्त्याचे पहिले काम समजावे. सभागृहाच्या दरपत्रकातच ‘नोंदणीकृत सांस्कृतिक संस्था’ असा वेगळा दर असेल तर पाया भक्कम आहे. ठराव झालेला असेल तर त्याचा क्रमांक व दिनांक मिळवून प्रत जपून ठेवावी. मात्र ‘साहेबांनी तोंडी सांगितले होते’ एवढाच आधार असेल, तर साहेबांच्या बदलीबरोबर सवलतही बदलीवर जाते, असे धरून चालावे आणि ती लेखी करून घेण्याच्या मागे आजपासून लागावे.

सवलतीचा हिशेब करताना वातानुकूलनाचा आकार वेगळा लिहावा. नागपुरात एप्रिल ते जून या काळात त्याशिवाय प्रेक्षक बसू शकत नाही, आणि काही ठिकाणी भाड्यात सवलत मिळूनही हा आकार पूर्ण भरावा लागतो. परिणामी उन्हाळ्यातले खेळ रद्द होतात, खेळ रद्द झाले की खर्च कमी दिसतो, आणि कमी दिसलेला खर्च पुढच्या वर्षीच्या कपातीचे कारण होतो.

आमदार किंवा खासदार निधीतून पडदा, प्रोजेक्टर किंवा खुर्च्या मिळवता येतील का, असे अनेक जण विचारतात. हे निधी मुख्यतः टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी असतात. भाडे, चित्रपटाचे हक्कशुल्क किंवा मानधन असा दरवर्षी उद्भवणारा खर्च त्यातून भागत नाही. त्यामुळे या वाटेकडे डोळे लावून अनुदानाची वाट मोकळी सोडू नये.

दुसरी पायरी: अंदाजपत्रकाचे पुस्तक वाचायला शिका

नागपूर महानगरपालिकेसाठी पूर्वी १९४८ चा स्वतंत्र कायदा होता; आता तिचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे चालतो. या अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये अनिवार्य कर्तव्ये आहेत आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छेने करावयाची कामे. पाणी, मलनिस्सारण, रस्ते, दिवाबत्ती ही पहिल्या गटात येतात. सांस्कृतिक कामांना मदत दुसऱ्या गटात. ‘स्वेच्छेने’ हा शब्द ध्यानात ठेवावा. आपण हक्क म्हणून भांडू शकत नाही, पण कायद्यात वाटच नाही असे कुणी म्हणाले तर ते ऐकून परतही येऊ नये.

पुस्तकात आपल्याला हवी ती एकच ओळ असते. त्या ओळीपुढे साधारणपणे मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. नवा माणूस शेवटच्या रकान्यातला आकडा पाहून खूश होतो किंवा हळहळतो. अनुभवी माणूस आधी प्रत्यक्ष खर्च पाहतो, कारण लेखा विभागही तेच पाहतो. पाच लाखांची तरतूद आणि चाळीस हजारांचा खर्च ही जोडी दिसली, की पुढच्या वर्षी ती ओळ छाटणीच्या यादीत आलीच म्हणून समजावे. अशा वेळी तरतूद वाढवण्याची मागणी करण्यापेक्षा आहे ती रक्कम ३१ मार्चच्या आत नियमाप्रमाणे खर्च होईल हे पाहणे अधिक शहाणपणाचे असते.

पुस्तकात शीर्ष सापडले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. महाराष्ट्रातील नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये असते आणि अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. मागणी अशी लिहावी: ‘सांस्कृतिक उपक्रमांच्या लेखाशीर्षाखाली सन २०२३-२४, २०२४-२५ व २०२५-२६ या आर्थिक वर्षांतील मूळ तरतूद, सुधारित तरतूद व प्रत्यक्ष खर्च दर्शविणाऱ्या अभिलेखांच्या प्रती, तसेच सभागृहाच्या भाड्यात सवलत देण्यासंबंधीचे ठराव व परिपत्रके यांच्या प्रती मिळाव्यात.’ ‘आमचे अनुदान का कमी केले?’ असा प्रश्न लिहू नये. माहिती अधिकारी उपलब्ध अभिलेख देण्यास बांधील असतो, कारणमीमांसा लिहून देण्यास नव्हे. कारण हवे असेल तर संबंधित नस्तीतील (कार्यालयीन फाइलमधील) टिपणी भागाची प्रत मागावी, बहुधा ते त्यातच असते. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करता येते, आणि त्यानंतरच्या द्वितीय अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नागपुरातच आहे.

तिसरी पायरी: संस्थेचे कागद

येथे फारसे बोलण्यासारखे नाही, फक्त आळस नको. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली झालेली नोंदणी, परिशिष्ट-१ चा (धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा) अद्ययावत उतारा, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि मागील अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र एका फोल्डरमध्ये असावे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्यावा; सात वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांचे नाव अजून उताऱ्यावर आणि अर्जावर सही मात्र नव्या अध्यक्षांची, हा प्रकार मी एकाहून अधिक मंडळांत पाहिला आहे. संस्थेचे नाव सर्व कागदांवर अक्षरशः एकसारखे असावे. त्याची किंमत मी वर सांगितलीच आहे.

याच फोल्डरमध्ये प्रत्येक चित्रपट दाखवण्याच्या परवानगीचा कागद हवा. चित्रपट हक्कधारकाच्या लेखी संमतीने मिळवलेला असावा, आणि त्याला सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसेल तर सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ च्या कलम ९ खाली केंद्र सरकारला देता येणारी सूट त्याला लागू होते का, हे आधी पाहावे. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेली प्रत दाखवून तिचा खर्च सार्वजनिक निधीतून मागणे म्हणजे लेखापरीक्षकाच्या हाती आपणच आक्षेप देणे होय. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन आहे. तेथील चित्रपटांसाठी पत्रव्यवहार करताना आता हा बदल लक्षात ठेवावा. १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाचे सदस्यत्व घेतल्यास चित्रपट मिळवणे सोपे जाते, आणि अर्जात ते सदस्यत्व नमूद करता येते.

चौथी पायरी: खेळाच्या रात्री पुरावा तयार करा

अनुदानाची खरी लढाई सभागृहाच्या दाराशी ठेवलेल्या टेबलावर होते. तेथे एक नोंदवही असावी आणि तिचे रकाने असे आखलेले असावेत: अनुक्रमांक, नाव, वस्ती, वयोगट, सही. ‘वस्ती’ हा रकाना आम्ही उशिरा वाढवला, आणि तोच सर्वाधिक उपयोगी पडला. नगरसेवकाला भेटायला गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न ‘चित्रपट कोणता?’ असा कधीच नसतो. ‘माझ्या प्रभागातले किती लोक येतात?’ असा असतो. मानेवाड्यातून अकरा, जरीपटक्यातून सात, महालातून चौदा असे वर्षाचे आकडे समोर ठेवता आले, की संभाषणाचा सूर पालटतो. हा हिशेब आम्ही नंतर मनपाच्या दहा झोनप्रमाणे करू लागलो, तेव्हा असेही लक्षात आले की आमचे निम्म्याहून अधिक प्रेक्षक दोनच झोनमधले होते. ती आमचीच उणीव होती आणि ती लपवण्यात अर्थ नव्हता. पुढच्या वर्षी आम्ही दोन खेळ पूर्व नागपुरात नेले.

मला एक जुलैची रात्र आठवते. दुपारपासून पाऊस कोसळत होता, खेळ सुरू होऊन वीस मिनिटे झाली आणि वीज गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत सहा-सात मिनिटे लोक अंधारात बसून राहिले. उठून कुणी गेले नाही. प्रेक्षक शेहेचाळीस होते, पण दाराशी ठेवलेल्या नोंदवहीवर ओल्या छत्र्यांचे पाणी ठिबकले आणि निळ्या शाईच्या बावीस सह्या पसरून गेल्या. अहवालात चोवीस लिहावे की शेहेचाळीस, यावर त्या रात्री आमचा वाद झाला. आम्ही चोवीस लिहिले आणि खाली टीप दिली. तेव्हापासून नोंदवही प्लॅस्टिकच्या आवरणात असते, पेन बॉलपॉइंटच असतो, आणि मध्यंतरात मागच्या रांगेतून पडदा व प्रेक्षक दोन्ही दिसतील असा एक फोटो काढला जातो.

नोंदवहीच्या प्रती सादर करताना लोकांचे दूरध्वनी क्रमांक देऊ नयेत. ते मागितलेच जात नाहीत, आणि आपणहून देणे हा प्रेक्षकांच्या विश्वासाचा भंग आहे. खेळानंतर चर्चा झाली असेल तर अर्ध्या पानाचे टिपण त्याच रात्री लिहावे. दुसऱ्या दिवशी लिहू म्हणून राहिलेली टिपणे मार्चमध्ये कल्पनेने लिहावी लागतात आणि ती तशी वाचताना कळतात.

पाचवी पायरी: कुणाला, कधी भेटावे

मार्च २०२२ मध्ये मागील सभागृहाची मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महानगरपालिकेवर प्रशासक होते. या काळात स्थायी समिती (खर्चाचे प्रस्ताव व अंदाजपत्रक पाहणारी नगरसेवकांची समिती) नव्हती आणि नगरसेवकही नव्हते. सर्व प्रस्ताव प्रशासनाच्या पातळीवरच मंजूर किंवा नामंजूर होत. आता १५१ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा आले आहे. ज्या नव्या कार्यकर्त्याने फक्त प्रशासकांचा काळ पाहिला आहे, त्याने जुना रस्ता नव्याने शिकून घ्यावा: आयुक्त अंदाजपत्रक सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरबदल करते, आणि ते सर्वसाधारण सभेपुढे मंजुरीसाठी जाते. प्रत्येक टप्प्यावर आपली ओळ वाढू शकते, घटू शकते किंवा नाहीशी होऊ शकते.

भेटींचा क्रम उलट्या दिशेने ठरवावा. सभेत अंदाजपत्रकाचे भाषण होण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करणारे बहुधा उशिरा पोहोचलेले असतात, कारण विभागाने आपली मागणी मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडे पाठवली तेव्हाच अर्धे काम झालेले असते. म्हणून दिवाळीनंतर लगेच विभागातील ज्या लिपिकाकडे आपली नस्ती आहे त्याला भेटावे, त्याच्याकडून नस्तीचा क्रमांक घ्यावा आणि पुढील वर्षाच्या मागणीचे एक पानी निवेदन द्यावे. आवक-जावक कक्षात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. पोच नसलेले निवेदन दिलेलेच नसते. जानेवारीत स्थायी समितीच्या सदस्यांना भेटावे, आणि समिती अंदाजपत्रकावर चर्चा करीत असताना एखाद्या सदस्याने उपसूचना (म्हणजे लेखी दुरुस्ती) द्यावी अशी विनंती असेल तर त्या उपसूचनेचा मसुदा, लेखाशीर्षासह, आपणच टंकून न्यावा. आचारसंहिता लागली की नवी मंजुरी अडकते, त्यामुळे निवडणुकीच्या वर्षात या सर्व तारखा दोन महिने आधी ओढाव्यात.

एकाच पक्षाच्या नगरसेवकांकडे जाऊ नये. एका पक्षाच्या हट्टाने मिळालेली तरतूद सत्ता बदलल्यावर त्या पक्षाची निशाणी समजून पुसली जाते.

सहावी पायरी: बाजू कशी मांडावी

‘रस्त्यांवर खड्डे आहेत आणि तुम्हाला सिनेमाला पैसे हवेत?’ हा प्रश्न येणारच. त्यावर कलेच्या महत्तेवर व्याख्यान देणे मला निरुपयोगी वाटते, किंबहुना त्याने समोरचा माणूस दुखावतो. उत्तर हिशेबाने द्यावे: आमच्या एका प्रेक्षकामागे सार्वजनिक खर्च इतका, सभासद वर्गणीतून आम्ही घातले इतके, आणि रिकामे राहिले असते असे सभागृह वर्षातून इतक्या संध्याकाळी वापरले गेले. सभासदांचा स्वतःचा वाटा दाखवता येणे फार महत्त्वाचे असते; फुकट मागणाऱ्यापेक्षा अर्धे स्वतः घालून अर्धे मागणाऱ्याचे ऐकून घेतले जाते.

इतर ठिकाणची उदाहरणे दोन-तीनच द्यावीत, पण नेमकी. कोलकात्यात पश्चिम बंगाल सरकारचे ‘नंदन’ हे चित्रपट केंद्र १९८५ पासून आहे. तिरुवनंतपुरममध्ये केरळ राज्य चित्रपट विकास महामंडळ स्वतः चित्रपटगृहे चालवते. फ्रान्समध्ये चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के उपकर घेतला जातो, तो १९४६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो आणि त्यातून कलात्मक चित्रपट दाखवणाऱ्या चित्रपटगृहांनाही साहाय्य मिळते. म्हणजे तेथे हा पैसा दरवर्षी नव्याने मागावा लागत नाही. आपल्याकडे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात सामावला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्याहून महाग तिकिटावर १८ टक्के कर आहे. मॉलमधल्या चित्रपटगृहात तीनशे रुपयांचे तिकीट काढणारा नागपूरकर चित्रपटासाठी कर भरतोच आहे, त्यातले थोडे चित्रपटाकडे परत यावे, एवढे म्हणणे कुणालाही कळते.

सातवी पायरी: कपात झालीच तर

सर्वप्रथम कपात कोणत्या टप्प्यावर झाली ते शोधावे. विभागाने मागणीच केली नसेल तर स्थायी समितीच्या दारात घोषणा देऊन उपयोग नाही. समितीत कपात झाली असेल तर त्या बैठकीचे इतिवृत्त मागवावे. तरतूद आहे पण देयक अडले आहे, असे असेल तर प्रश्न निधीचा नसून त्रुटीचा असतो, आणि त्रुटीचे पत्र लेखी मागून घ्यावे, म्हणजे त्रुटी एकामागून एक निघत राहत नाहीत.

वर्षाच्या मध्यात गेलेली रक्कम परत मिळवण्याची संधी सुधारित अंदाजपत्रकात किंवा एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात होणाऱ्या पुनर्विनियोजनात असते. राज्याच्या निधीबाबत नागपूरकरांना एक सोय आहे, जी आपण फार कमी वापरतो. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथेच भरते आणि त्यात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्यात लागणाऱ्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या जातात. मात्र अधिवेशन सुरू झाल्यावर आमदार निवासाच्या पायऱ्यांवर उभे राहून दिलेले निवेदन त्या वर्षाच्या पुरवणी मागण्यांत येणे अवघड, कारण त्या आधीच छापलेल्या असतात. सांस्कृतिक कार्य विभागाकडे प्रस्ताव ऑक्टोबर संपण्यापूर्वी गेलेला असावा, त्याची पोच व नस्ती क्रमांक हातात असावा, आणि डिसेंबरमध्ये आमदारांना भेटताना त्या क्रमांकाचा कागद त्यांच्या स्वीय सहायकाकडे द्यावा. आमदारांच्या हातात दिलेले कागद हार-तुऱ्यांबरोबर गाडीत राहतात. स्वीय सहायक ते वहीत टिपून घेतो.